चैत्रातली खळ

होळी झाली की खळीवर साय धरायला लागते. थंडीत सकाळी शिजवलेली मैद्याची खळ संध्याकाळपर्यंत मऊ असते. मार्चमध्ये ती अकरालाच वरून आवळते आणि ब्रश टेकवला की पापुद्रा उचलून येतो. मग भांड्यावर ओलं फडकं टाकायचं, ते सुकलं की पुन्हा भिजवायचं, पंखा बंद ठेवायचा आणि घाम पुसत काम करायचं. पंखा लावला तर खळ वाळतेच, शिवाय सुटी पानं दुकानभर उडतात. पुस्तकं बांधणाऱ्याचा उन्हाळा असा सुरू होतो, आणि मला तो मनापासून आवडतो.

आमचं दुकान अफझलगंजात, स्टेट सेंट्रल लायब्ररीपासून थोड्या अंतरावरच्या एका गल्लीत आहे. आजोबा परभणीहून इथे आले तेव्हा परभणी आणि हैदराबाद एकाच राज्यात होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला; आजोबांनी बिऱ्हाड हलवलं नाही. त्यांच्यानंतर बाबांनी दुकान चालवलं, आता मी चालवते. मला कुणी आपा म्हणतं, कुणी अक्का, मराठी घरांतली माणसं ताई म्हणतात. बाबा काम एका उस्तादांकडे शिकले, त्यामुळे दुकानातले शब्द त्यांचेच राहिले: घडी घातलेल्या पानांची जुडी म्हणजे जुझ, पुठ्ठा म्हणजे दफ्ती, रंगांच्या लाटा उठवलेला आतला कागद म्हणजे अबरी, आणि पुस्तक दाबून ठेवायचा लाकडी शिकंजा.

वस्ती मूळची धान्याच्या व्यापाऱ्यांची. पाचवा निजाम अफझलउद्दौला याच्या नावाचा हा गंज. मोठमोठे घाऊक बाजार आजही हाकेच्या अंतरावर आहेत: बेगमबाजार, उस्मानगंज, सिद्दीअंबर बाजार. नया पूल ओलांडला की पलीकडे छत्ता बाजार, जिथे लग्नपत्रिका छापणारे आणि उर्दू सुलेखन करणारे कातिब बसतात. अलीकडे जांबाग, गौलीगुडा, कोठी, म्हणजे जुन्या मराठी वस्त्या. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी शाळा इथलीच. आणि मधोमध लायब्ररी. १८९१ साली आसफिया या नावाने सुरू झालेलं हे ग्रंथालय १९३६ साली मुसी नदीकाठच्या आताच्या इमारतीत आलं. व्यापारी, छापखाने, शाळा आणि ग्रंथालय, चौघांनाही जिल्दसाज, म्हणजे पुस्तकं बांधणारा, लागतो. आजोबांनी जागा पारखून घेतली होती.

मला इथे मुद्दाम २०२५च्या मार्चबद्दल लिहायचं आहे. त्या वर्षी रमजान २ मार्चला सुरू झाला. होळी १४ला. पाडवा आणि तेलुगू घरांतली उगादी ३० मार्चला, रविवारी. ईद दुसऱ्याच दिवशी, ३१ला, आणि त्याच दिवशी व्यापाऱ्यांचं आर्थिक वर्षही संपत होतं. हिंदू पंचांगात अधिक महिना धरतात, हिजरी वर्षात धरत नाहीत, म्हणून रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि पाडवा त्याच ऋतूत राहतो. दोन्ही असे शेजारी आले की आमच्या दुकानात कुराणं, पंचांगं, पोथ्या आणि हिशेबाच्या वह्या एकाच फळीवर येतात. तो महिना मी झोप कमी करून काढला आणि इतकं समाधान देणारा महिना माझ्या कामात दुसरा आठवत नाही.

दिवस खळीनेच उगवतो. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही. मग मंद आचेवर एकाच दिशेने ढवळत राहायचं. पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं पारदर्शक व्हायला लागलं आणि पळीला जड लागलं की उतरवायचं. त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. पिठाच्या खळीवर चंदेरी कसर फार लवकर येते. ती कागद खाते असं लोक समजतात, पण तिला आधी हवी असते ती खळ. बाबांचे उस्ताद तुरटीही घालायचे. मी घालत नाही. तुरटीतून आम्ल येतं, आणि आम्लानेच तर जुन्या पुस्तकांचे कागद तपकिरी होऊन कडाकडा मोडतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर गिरण्यांत लाकडाच्या लगद्याचे स्वस्त कागद निघाले, त्यांना राळ आणि तुरटीचा लेप असे. म्हणून शंभर वर्षांपूर्वीचं मासिक हातात चुरतं आणि त्याच्याहून जुनी, हातकागदावर लिहिलेली पोथी मात्र अजून लवचीक असते. माझ्याकडे येणारी दुरुस्तीची निम्मी पुस्तकं या तुरटीनेच आजारी पडलेली असतात.

उन्हाळ्याचा मोठा फायदा म्हणजे वेळ. पावसाळ्यात दफ्ती चिकटवलेलं पुस्तक दोन-दोन दिवस शिकंज्यात ठेवावं लागतं आणि तरी आतल्या घडीत बुरशीचा ठिपका येईल म्हणून जीव टांगणीला लागतो. चैत्रात सकाळचं काम संध्याकाळी हातात घेता येतं. पण त्याच कोरड्या हवेत आळसाला जागा नसते. यंत्रावर बनलेल्या कागदात आणि पुठ्ठ्यात तंतू एका दिशेने पडलेले असतात. ओल लागली की कागद तंतूंच्या आडव्या अंगाने फुगतो, वाळताना तिकडेच आखडतो. तंतू पुस्तकाच्या कण्याला समांतर असतील तर दफ्ती सपाट वाळते. आडवे असतील तर पुठ्ठा पाहता पाहता होडीसारखा वळतो. म्हणून पुठ्ठा कापण्याआधी मी तो दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघते. जिकडे सहज वाकतो, तिकडची घडी कण्याकडे. कारागिरी म्हणून लोक सोनेरी अक्षरांचं कौतुक करतात. माझ्या मते खरी कारागिरी या वाकवून बघण्यात आहे, जी पुस्तक बांधून झाल्यावर कुणालाच दिसत नाही.

रमजानच्या आधीच्या आठवड्यापासून कुराणं येऊ लागतात. महिनाभरात एकदा तरी संपूर्ण पठण व्हावं अशी घरोघर इच्छा असते, म्हणून वर्षभर फडताळात असलेली प्रत खाली काढली जाते आणि तिचा कणा सुटलेला लक्षात येतो. काही मशिदींतून तीस पाऱ्यांचे तीस वेगळे भाग येतात; अनेक जण एका वेळी वाचायला बसतात तेव्हा ते वाटून घेतात, आणि वाटून घेतल्यामुळेच लवकर फाटतात.

त्या मार्चमध्ये एक वयस्क बाई सासूबाईंची प्रत घेऊन आल्या. लिथोची छपाई, समासात कुणीतरी पेन्सिलीने केलेल्या खुणा, आणि कधीतरी कुणी मधोमध तारेचे टाके मारलेले. तारेला गंज चढून पानांवर तपकिरी डाग उतरले होते. बाईंनी दराचं विचारलंच नाही. म्हणाल्या, "आपा, खुल्ला रखे तो खुल्लाच रहना. हात से पकडके पढने कू अब हात काँपते मेरे."

मी तारा एकेक करून पक्कडीने कापून काढल्या, ओढल्या नाहीत. ओढली की गंजलेली तार कागद सोबत घेऊन येते. प्रत्येक जुझाची पाठ झिजून दुभंगली होती. तिथे पातळ जपानी कागदाची अरुंद पट्टी खळीने चिकटवली, एका जुझाला एक. कडा जुळतात की नाही हे डोळ्यांपेक्षा बोटाला आधी कळतं. मग शिवण. दोरा मेणातून ओढून घ्यायचा, आरीने घडीच्या बरोबर मध्यावर भोकं पाडायची, सुई आतून बाहेर, फितीला वळसा, पुन्हा आत. दोरा कागदाच्या दिशेनेच ताणायचा, उलट ताणला की भोक फाटतं. एक जुझ संपला की खालच्या जुझाच्या टाक्यात गाठ अडकवून वर चढायचं. कोरड्या हवेत मेणवलेला दोरा ओढताना एक बारीक करकर येते. गल्लीतली हातगाडी, रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या दुकानातलं मोजमाप, सगळं चालू असतं आणि त्यातूनही ती करकर मला ऐकू येते. ती बदलली तर समजायचं, कुठेतरी दोरा सैल पडला.

कुराण कधी जमिनीवर ठेवत नाही, त्यावर दुसरं पुस्तक ठेवत नाही, आणि कातरलेल्या कागदाचा कपटाही झाडून टाकत नाही. बाबांनी त्यासाठी एक पांढरी पिशवी वेगळी ठेवली होती, मी तीच वापरते. महिनाअखेर पिशवी मशिदीत नेऊन देते, तिथे ते कपटे रीतीने दफन होतात. उर्दू-अरबी पुस्तकाचा कणा उजव्या हाताला असतो. मराठी पोथीवरून लगेच त्या कामाकडे वळलं की पहिली काही मिनिटं हात थांबून थांबून चालतो, मग त्याची त्याला वाट सापडते.

बाई न्यायला आल्या तेव्हा मी पुस्तक फळीवर उघडून ठेवलं. मधोमध, कुठलंच वजन न ठेवता. पानं आपणहून सपाट पडली आणि तशीच राहिली. त्यांनी डोक्यावरून पदर घेतला आणि उभ्या उभ्या दोन ओळी वाचल्या.

पुस्तक हात न लावता उघडं राहणं, ही माझ्या कामाची एकच परीक्षा मी मानते. बेगमबाजारातल्या एका पेढीचे मुनीमजी दर मार्चला नव्या वर्षासाठी मोठ्या वह्या बांधून नेतात, त्यांचंही मागणं तेच. वही सपाट पडली नाही तर कण्याजवळचे आकडे वाकडे पडतात आणि बेरीज करताना नजर घसरते. हिशेब आता संगणकावर जातात, तरी रोजची रोकड ते हाताने लिहितात. त्यांच्या वह्यांना मी जाड कापडी फिती घालते आणि कण्याला पोकळी ठेवते, म्हणजे वही उघडली की पाठीचं कापड वेगळं उचलतं आणि पानं मोकळी होतात. पाठ थेट पानांना चिकटवून टाकली तर वही दिसते मजबूत, पण उघडताना भांडते.

आणि म्हणून मला गरम गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकांचा मनस्वी राग येतो. स्पर्धा परीक्षांची जाडजूड गाइडं, पाठ्यपुस्तकं, आता तर कादंबऱ्यासुद्धा: जुझच कापून टाकायचे, सुट्या पानांच्या गठ्ठ्याच्या कडेला वितळलेला गोंद फासायचा, कव्हर दाबायचं. काम झटपट होतं, खर्च कमी. पण तो गोंद उष्णतेने नरम पडतो आणि जुना झाला की ठिसूळ होतो. हैदराबादच्या एप्रिलमध्ये दुचाकीच्या डिकीत ठेवलेलं गाइड आठवडाभरात पानं सोडू लागतं. मग मुलं ते रबरबँड लावून माझ्याकडे आणतात. जुझ नसल्यामुळे घडीतून शिवता येत नाही. कडेने टोचून शिवावं लागतं, त्यात समास खाल्ला जातो आणि पुस्तक पुन्हा कधीच पूर्ण उघडत नाही. ज्या मुलाने वर्षभर त्या पुस्तकावर मान मोडायची, त्याला दोन्ही हातांनी ते दाबून धरून वाचावं लागतं. काही पैसे वाचवण्यासाठी वाचणाऱ्याचे हात अडकवायचे, हे मला पटत नाही. अशा मुलांना मी शक्य तेवढं करून देते: पुस्तकाचे दोन-तीन भाग करते, प्रत्येक भाग वेगळा बांधते. पातळ झाला की तोच गठ्ठा बराच उघडतो, आणि पिशवीचं ओझंही कमी होतं.

दुपार मात्र जड जाते. दीड ते साडेतीनच्या दरम्यान पत्रे तापतात आणि सोनेरी फॉइलचं काम थांबवावं लागतं, कारण बोटांच्या घामाने रेक्झिनवर डाग उठतात. ती अक्षरं मी साडेपाचनंतर घेते. मार्चअखेर सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, गल्लीत तिरका उजेड लांबवर टिकतो. पितळी खिळे तापवून कापडावर टेकवताना असा बाजूचा उजेड लागतो. वरच्या ट्यूबलाइटमध्ये ठसा किती खोल गेला ते समजत नाही. विद्यापीठाचे प्रबंध याच दिवसांत येतात. चार वर्षं खपलेल्या माणसाला आपलं नाव कण्यावर सोन्यात उमटताना पाहायचं असतं. मी त्यांना आत बोलावते, स्टूल देते आणि बघू देते.

रमजानमध्ये संध्याकाळच्या अजानच्या सुमारास गल्ली थांबते. शेजारच्या दुकानातून खजूर आणि टरबुजाच्या फोडींची ताटली माझ्याकडेही येते, वर्षानुवर्षं येते. मी त्यांच्यासाठी माठातलं पाणी भरून ठेवते, त्यात वाळ्याची पुरचुंडी असते. हा माठ होळीनंतर कुंभाराकडून नवा आणायचा, दोन दिवस पाणी भरून ओतून टाकायचं, मग पिण्याचं भरायचं, हा आईचा नियम. घरी जाताना वाट वाकडी करून जांबागवरून जाते. फेब्रुवारीपर्यंत महाग असलेला मोगरा आता ढिगाने येतो, आणि रात्र व्हायला लागली की विकणाऱ्या बायका मापाबाहेर एक मूठ जास्त टाकतात. आठवडाभराने ताडगोळे दिसायला लागतात. नखाने साल सोलताना आतलं पाणी मनगटावरून ओघळतं ते चुकत नाही, चुकवू पण नये.

चिंचेचा कोवळा पाला, तेलुगूत चिंतचिगुरू, हाही याच दिवसांचा. आमच्याकडे तो हातावर चोळून तुरीच्या वरणात टाकतात. कोकम किंवा चिंचेपेक्षा हलका, हिरवा आंबटपणा येतो. परभणीच्या पाहुण्यांना तो नवा असतो, आम्हाला त्याच्याशिवाय एप्रिल वाटत नाही. चिंचेला पालवी फुटली की मी उस्मानिया दवाखान्याच्या आवारातलं ते जुनं झाड बघून येते. २८ सप्टेंबर १९०८ला मुसी चढली आणि हा सगळा भाग पाण्याखाली गेला, तेव्हा त्या झाडावर चढून दीडशेच्या आसपास माणसं वाचली. त्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर हे तलाव झाले. माझ्या धंद्यात पाणी हाच मोठा वैरी. भिजलेलं पुस्तक घेऊन कुणी आलं की मी सांगते, चिकटलेली पानं ओढून सोडवू नका, उन्हात टाकू नका. उभं करून, पानं पंख्यासारखी उलगडून सावलीत वाळवा, पानांमध्ये साधा शोषक कागद घाला आणि तो बदलत राहा. चैत्रातल्या हवेत असं पुस्तक दोन-तीन दिवसांत हाती लागतं, श्रावणात ते वाचेल याची खात्री देता येत नाही.

पाडव्याच्या सकाळी दुकानाच्या दारावर छोटी गुढी उभारली. काठी म्हणून मोजपट्टीच वापरावी असं भाच्याला वाटत होतं, मी बांबूच आणला. साखरेची गाठी, कडुनिंबाची डहाळी, आंब्याचा टाळा. समोरच्या अक्कांनी उगादीची पच्चडी आणून दिली, कडुनिंबाचा फुलोरा, कैरी, गूळ, चिंच, मीठ आणि तिखट. रविवार असूनही दुकान अर्धा दिवस उघडं ठेवलं, कारण संध्याकाळी चंद्र दिसणार होता आणि ईदच्या आधी न्यायच्या पाच-सहा प्रती शिकंज्यात होत्या. त्याच सकाळी मराठी घरांतून सोलापूरचं दाते पंचांग घेऊन माणसं आली. पंचांग वर्षभर हाताळलं जातं आणि दिवाळीच्या आत त्याची पिन सुटते, म्हणून मी पिना काढून दोऱ्याने शिवते, कोपऱ्यांना कापड लावते आणि खिळ्याला अडकवायला कण्यातून जाड दोऱ्याचा फास काढते. याचे पैसे बाबा घेत नसत, मीही घेत नाही. एक आजोबा, गौलीगुड्याचे, पंचांगाबरोबर दासबोधही घेऊन आले. त्यांनी तो उघडला आणि तळहाताने दाबला, तसा कण्याने कर्र केलं. मी तो त्यांच्या हातून घेतला.

नवी जिल्द घरी नेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट करून दाखवते, त्यांनाही दाखवली. पुस्तक कण्यावर टेबलावर उभं ठेवायचं. आधी वरची दफ्ती खाली सोडायची, मग मागची. आता पुढून दहा-पंधरा पानं घ्यायची, हळूच खाली पाडायची, घडीजवळ बोट फिरवायचं. मग तेवढीच पानं मागच्या बाजूने. असं आलटून पालटून मध्यापर्यंत यायचं. दोरा सगळीकडे सारखा बसतो, कणा एकाच जागी मोडत नाही. घाईत मधूनच उघडलेलं पुस्तक जन्मभर त्याच पानावर उघडत राहतं. आजोबांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या दिवशी तयार झालेल्या दासबोधावर तेच सगळं सावकाश करून पाहिलं, माझ्यापेक्षा हळू. मग म्हणाले, "ताई, नातवाला पाठवतो, त्यालाही दाखवा." नातू एप्रिलमध्ये, शाळांना सुट्टी लागल्यावर आला. सोबत त्याने स्वतःच्या गोष्टींच्या पुस्तकांचा गठ्ठा आणला होता, सगळी गोंदाची. त्यातली तीन आम्ही दोघांनी मिळून शिवली. चौथ्याची आरी त्याने स्वतः धरली.